पाट, पंगत आणि टेबल : जॉर्ज नाकाशिमा यांच्या रचनेचे कोकणातून परीक्षण

१

नित्य वापरातील वस्तूंचे परीक्षण करण्याची प्रथा मराठी समीक्षेत फारशी रुजलेली नाही. काव्य, नाटक, चित्र आणि शिल्प यांच्यासाठी समीक्षेचे दार सदैव उघडे राहिले. पाट, चौरंग, पलंग, पेटी या वस्तू मात्र एकतर संग्रहालयाच्या नोंदवहीत गेल्या किंवा आठवणीपर लेखनात विसावल्या. वस्तू उपयोगाची आहे एवढ्यावरून ती कलाविचाराच्या कक्षेबाहेर पडते, हा या उपेक्षेमागील गृहीत विचार होय. तो टिकण्याजोगा नाही. उपयुक्त वस्तूच्या ठिकाणी द्रव्य, रचना, श्रम आणि आचार हे चारही घटक एकत्र येतात, आणि त्यांच्या परस्परसंबंधांतून जो अर्थ निष्पन्न होतो तो वाङ्मयीन कृतीच्या अर्थाइतकाच परीक्षणास पात्र असतो.

या दृष्टीने आधुनिक काष्ठरचनेतील एक सुप्रसिद्ध वस्तू प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतली आहे. जपानी वंशाचे अमेरिकन रचनाकार जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांनी घडविलेले जेवणाचे मोठे टेबल ही ती वस्तू होय. तिचे परीक्षण न्यूयॉर्क किंवा टोकिओ येथून अनेकदा झाले आहे. येथे ते रत्नागिरीच्या भूमीवरून करावयाचे आहे. या निवडीस कारण आहे. लाकडाविषयीची नाकाशिमा यांची श्रद्धा ज्या काळात परिपक्व झाली त्या काळातील महत्त्वाची वर्षे त्यांनी भारतात घालविली. आणि ज्या सागवानाशी त्यांचा येथे परिचय झाला त्या लाकडाच्या इतिहासाचे एक दुःखद पान रत्नागिरीतच मिटलेले आहे.

२

नाकाशिमा यांचा जन्म अमेरिकेच्या वायव्य भागातील स्पोकेन या गावी झाला. वॉशिंग्टन विद्यापीठात वनशास्त्राकडून ते वास्तुशास्त्राकडे वळले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून १९३० मध्ये त्यांनी उच्च पदवी घेतली. पुढे पॅरिसमार्गे ते जपानला पोहोचले आणि टोकिओ येथील वास्तुकार अँटोनिन रेमंड यांच्या कार्यालयात रुजू झाले. या कार्यालयाकडे पाँडिचेरी येथील श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या निवासगृहाचे काम आले, तेव्हा त्याच्या देखरेखीसाठी नाकाशिमा भारतात आले. काँक्रीटची ही इमारत आधुनिक वास्तुकलेच्या भारतातील आरंभीच्या कृतींपैकी एक मानली जाते. तिच्या बाहेरच्या भिंतींच्या जागी हलविता येणाऱ्या झडपा आहेत, आणि आतल्या खोल्यांना वारा खेळता ठेवणारी सागवानी सरकती दारे आहेत. या वास्तव्यात नाकाशिमा आश्रमाचे साधक झाले; ‘सुंदरानंद’ हे नाव त्यांना तेथेच मिळाले. १९३९ मध्ये त्यांनी पाँडिचेरी सोडली.

पुढील घटना त्यांच्या कलेच्या दृष्टीने निर्णायक आहेत. १९४२ मध्ये अमेरिकन शासनाने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले. नाकाशिमा, त्यांची पत्नी आणि तान्हे मूल यांना आयडाहो राज्यातील मिनिडोका येथील छावणीत राहावे लागले. तेथे जपानी पद्धतीच्या सुतारकामात मुरलेले गेंतारो हिकोगावा हे कारागीर त्यांना भेटले. हाताच्या हत्यारांचा वापर, सांध्यांची शिस्त आणि काम पूर्ण होईतो न ढळणारा धीर यांचे शिक्षण वास्तुशास्त्राच्या या उच्च पदवीधराने एका सुताराच्या हाताखाली, तारेच्या कुंपणाआड घेतले. लाकूड म्हणून हाती येई ते बांधकामातील उरलेसुरले तुकडे आणि माळरानावरील झुडपे. १९४३ मध्ये रेमंड यांच्या साह्याने सुटका झाल्यावर ते पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यू होप या गावी आले आणि अखेरपर्यंत तेथेच त्यांनी आपली कर्मशाळा चालविली.

३

नाकाशिमा यांच्या मोठ्या टेबलांची घडण वरकरणी अगदी साधी आहे. बहुधा काळ्या अक्रोडाच्या अखंड खोडाची उभी चिरफाड करून काढलेली एक रुंद फळी, अथवा एकाच खोडातून लागोपाठ निघालेल्या आणि पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडून शेजारी मांडलेल्या दोन फळ्या, हा टेबलाचा माथा. त्याच्या लांब कडा करवतीने सरळ केलेल्या नसतात. झाडाच्या बाहेरच्या अंगाचे वळण तसेच राखलेले असते. फळीला तडा गेलेला असेल तर तो लपविलेला नसतो; डमरूच्या आकाराची, बहुधा रोजवूडची खीळ त्या तड्यावर आडवी बसवून त्याची वाढ रोखलेली असते. माथ्याखाली दोन उभे आधार आणि जमिनीसरशी आडवे पाय असतात. त्यामुळे चार कोपऱ्यांतील चार पायांची अडचण राहत नाही.

या घडणीतील पहिला महत्त्वाचा निर्णय रंध्याचा नसून करवतीचा असतो. खोड कोणत्या अंगाने चिरावे, यावर फळीतील रेषांचे सगळे रूप अवलंबून असते, आणि हा निर्णय एकदा झाला की पालटत नाही. म्हणूनच नाकाशिमा चिराईच्या वेळी स्वतः उपस्थित राहण्याचा आग्रह धरीत. चिरलेल्या फळ्या खोडाच्या मूळ क्रमाने रचून वर्षानुवर्षे वाळवीत ठेवल्या जात, आणि कित्येकदा एखाद्या फळीचा योग्य उपयोग सुचेपर्यंत ती तशीच राही. झाडाचे दुसरे आयुष्य घडविण्याचे दायित्व सुतारावर असते, हा त्यांचा सिद्धांत ‘द सोल ऑफ अ ट्री’ या १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात विस्ताराने मांडलेला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाकाशिमा यांना यंत्रद्वेष्टे समजणे चुकीचे होईल. ओबडधोबड काम यंत्राने करावे आणि अखेरचे सूक्ष्म काम हाताने करावे, अशी त्यांची विभागणी होती. १९४० च्या दशकात नोल या प्रसिद्ध कंपनीसाठी त्यांनी पुनरुत्पादनास योग्य अशा रचनाही केल्या. ते आधुनिकतेच्या बाहेरचे नव्हते, तर तिच्यातील एका स्वतंत्र प्रवाहाचे प्रतिनिधी होते. हा भेद कोकणच्याच एका सुपुत्राच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील आचरे या गावी १९१६ मध्ये जन्मलेले अच्युत कानविंदे हार्वर्ड येथे वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि परतल्यावर अहमदाबादेतील वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची इमारत त्यांनी उभारली. कानविंदे यांच्या आरंभीच्या कार्यात माप, पुनरावृत्ती आणि विज्ञानिष्ठ नियोजन यांना अग्रस्थान होते. नाकाशिमा यांच्या टेबलात पुनरावृत्ती अशक्य करणारी वस्तू, म्हणजे एकच एक खोड, अग्रस्थानी आहे. तथापि अनावश्यक अलंकार टाळणे आणि रचनेचे बल उघड दाखविणे ही दोघांची समान निष्ठा होय. १९६४ मध्ये नाकाशिमा याच अहमदाबादेत राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या निमंत्रणावरून आले, आणि त्यांच्या रचनांनुसार तेथील कर्मशाळेत लाकडी सामान तयार झाले.

४

आता कोकणाकडे वळावे. टेबलाचा येथील पूर्वसंबंधी पाट होय. फणसाची, शिवणीची किंवा सागाची एक फळी आणि तिच्या खालच्या अंगाला आडव्या बसविलेल्या दोन पट्ट्या, एवढीच त्याची रचना. या पट्ट्यांचे काम केवळ पाट जमिनीपासून उचलून धरण्याचे नाही. लाकूड दमट हवेत रुंदीच्या अंगाने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीच्या अंगाने मात्र त्यात जवळजवळ फरक पडत नाही. त्यामुळे रुंद फळी पन्हळीसारखी वाकू पाहते. तिला सपाट ठेवण्यासाठी तंतूंच्या आडव्या दिशेने आधार द्यावा लागतो. नाकाशिमा यांच्या टेबलाच्या माथ्याखालचे आडवे आधार हेच काम करतात. दोन देशांतील सुतारांना द्रव्याने एकच प्रश्न विचारला आणि दोघांनी एकाच प्रकारचे उत्तर दिले. या साम्यासाठी प्रभावाचा सिद्धांत मांडण्याचे कारण नाही. लाकडाचा स्वभाव हेच त्याचे पुरेसे स्पष्टीकरण आहे.

मात्र साम्य येथे संपते. मोकळी ठेवलेली नैसर्गिक कड ही नाकाशिमा यांच्या रचनेची सर्वांत लोभस खूण. कोकणातील सुतार ती सहसा ठेवणार नाही. खोडाच्या सालीलगतचे लाकूड कोवळे असते. भुंगा आणि वाळवी प्रथम तेथेच शिरतात. सागाच्या गाभ्याला वाळवी लागत नाही अशी ख्याती असली तरी त्याच्या सालीलगतच्या फिकट थराला हे संरक्षण नसते. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, तेथे हा थर वाकसाने उडवून टाकणे हा अनुभवाने घालून दिलेला नियम होय. कड सरळ करणारा कोकणी सुतार झाडाचा अनादर करीत नसतो. त्याच्या दृष्टीने झाडाचा आदर म्हणजे त्याचे लाकूड तीन पिढ्या टिकविणे. एकच मूल्य दोन हवामानांत परस्परविरुद्ध कृतींतून व्यक्त होऊ शकते, हे ध्यानात न घेता मोकळ्या कडेला निसर्गनिष्ठेचे एकमेव लक्षण मानणे हा समीक्षेतील प्रमाद होय.

शिवाय लाकडाच्या रेषांचे दर्शन हाच काष्ठकलेचा परमोत्कर्ष, असेही मानता येत नाही. सावंतवाडीच्या लाखकामात लाकूड रंगाच्या थराखाली पूर्णपणे झाकले जाते. तेथे लाकूड हे चित्राचे अधिष्ठान असते, चित्र नव्हे. ही परंपराही काष्ठकलाच आहे आणि तिचा न्याय तिच्याच निकषांनी झाला पाहिजे.

५

टेबल हे केवळ फळीचे प्रकरण नाही. ते आचाराचेही आहे. पाट एका माणसाचा असतो. तो त्याच्याभोवती एक सीमा आखतो. पाटांची रांग म्हणजे पंगत, आणि पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोण आधी बसतो, कोणाला बाहेर वाढले जाते, यांतून समाजाची सारी उतरंड व्यक्त होत असे. टेबलाचा पृष्ठभाग उलट सर्वांचा एकच असतो. सोवळेओवळे आणि खरकटे यांविषयीचे जुने नियम अशा सलग पृष्ठभागावर पाळणे कठीण; म्हणूनच अनेक घरांत टेबल शिरले ते प्रथम बाहेरच्या खोलीत, आणि स्वयंपाकघराशेजारी येण्यास त्याला बराच काळ लागला.

यावरून टेबल समतेचे आणि पाट विषमतेचा, असे सुटसुटीत समीकरण मांडण्याचा मोह होतो. रत्नागिरीचा इतिहास त्या मोहास आळा घालतो. या गावात विनायक दामोदर सावरकर यांच्या स्थानबद्धतेच्या काळात (१९२४–१९३७) सहभोजनांची चळवळ झाली. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाह्याने उभारलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उघडले, आणि १९३३ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. या प्रयत्नांच्या प्रेरणा आणि मर्यादा यांविषयी मतभेद आहेत आणि ते येथे प्रस्तुत नाहीत. प्रस्तुत एवढेच आहे की, पंगतीचा अर्थ पालटण्यासाठी त्या सहभोजनांना पंगत मोडून टेबल आणावे लागले नाही; माणसांच्या बसण्याचा क्रम पालटणे पुरेसे ठरले. उलटपक्षी जेथे टेबल आले तेथेही टोकाची खुर्ची कर्त्या पुरुषाची ठरली, आणि वाढणारी स्त्री सर्वांच्या मागून जेवली. वस्तू आचाराला अनुकूल किंवा प्रतिकूल असू शकते. ती आचार घडवीत नाही.

या कसोटीवर नाकाशिमा यांच्या टेबलाचे स्थान कोणते? कोपऱ्यांतील पाय नाहीसे केल्याने बसण्याच्या जागा ठराविक राहत नाहीत. चौघांच्या टेबलाशी सहावा माणूस सहज सामावतो. वळणदार कडेमुळे कोणत्याही दोन जागा सारख्या नसतात, तरी कोणतीही जागा मानाची म्हणून वेगळी काढलेली नसते. रचनेने इतके करावे हे पुष्कळ झाले. याहून अधिक श्रेय तिला देणे म्हणजे माणसांची जबाबदारी फळीवर टाकणे होय.

६

आता मुख्य आक्षेपाकडे यावयाचे. झाडाला आत्मा असतो या विचाराने लाकडाविषयी कृतज्ञता निर्माण होते यात संशय नाही. पण लाकडाला इतिहासही असतो. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली कंपनी ब्रह्मदेशातील सागवानाचा व्यापार करी. १८८५ मध्ये ओंडक्यांच्या हिशेबावरून ब्रह्मी दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. फ्रेंचांच्या वाढत्या संबंधांमुळे इंग्रज आधीच अस्वस्थ होते. हा दंड त्यांना निमित्त म्हणून पुरला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युद्ध झाले, राज्य खालसा झाले, आणि पदच्युत राजा थिबा याला मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहावयास गेला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच मरण पावला. खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या वास्तूच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या पाहताना सौंदर्याखेरीज दुसरे काही आठवत नसेल, तर ते पाहणे अपुरे होय.

नाकाशिमा यांच्यावर या इतिहासाचा दोष येत नाही. पाँडिचेरीच्या दारांना सागवान वापरले म्हणून ते साम्राज्याचे भागीदार ठरत नाहीत, आणि पुढे तर ते स्वतःच्या देशाच्या अन्यायाचे बळी झाले. आक्षेप त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या व्याप्तीवर आहे. त्यांच्या विचारात झाड आणि कारागीर हे दोघे समोरासमोर उभे असतात; जंगल कोणाच्या मालकीचे, ओंडका कोणी ओढला, किंमत कोणी ठरविली, हे प्रश्न त्या संवादात शिरत नाहीत. ही उणीव त्यांच्या अनुयायांत अधिक ठळक झाली आहे.

दुसरा आक्षेप याला लागूनच येतो. न्यू होप येथील आरंभीच्या दारिद्र्याच्या दिवसांत इतरांनी नाकारलेल्या, तडे गेलेल्या फळ्या नाकाशिमा यांनी घेतल्या, कारण निवडक लाकूड त्यांना परवडत नव्हते. डमरूच्या आकाराची खीळ ही त्या अभावातून आलेली दुरुस्ती होती. कालांतराने हीच टेबले श्रीमंतांच्या संग्रहाची वस्तू झाली आणि लिलावांत त्यांना प्रचंड किमती मिळू लागल्या. अभावाचे उत्तर वैभवाचे चिन्ह बनले. आज बाजारात तर निर्दोष फळीवरही शोभेसाठी अशा खिळी बसविलेल्या दिसतात, आणि तड्यांत रंगीत राळ ओतून नदीचा आभास निर्माण करणारी टेबले निसर्गप्रेमाच्या नावाने विकली जातात. तडा नसता खीळ मारणे म्हणजे व्याकरणावाचून अलंकार वापरणे होय. या अधःपाताचे खापर मूळ रचनाकारावर फोडता येणार नाही. परंतु मूळ रचनेतील खिळीचे सौंदर्य तिच्या गरजेतून आलेले आहे, हे सांगत राहणे समीक्षेचे कर्तव्य आहे.

७

अखेरचा मुद्दा कर्तृत्वाचा आहे. नाकाशिमा टेबलाच्या खालच्या अंगास बहुधा ग्राहकाचे नाव लिहीत. स्वतःची स्वाक्षरी आरंभीच्या काळात सहसा नसे. या वस्तू रचनाकाराच्या मालकीच्या नसून ज्या घरात त्या नांदणार त्या घराच्या आहेत, असा त्यातील भाव. तो निश्चितच उदात्त आहे. तथापि माथा, आधार आणि सांधे घडविणाऱ्या हातांची नावे कोठेच उरली नाहीत. हिकोगावा यांचे ऋण नाकाशिमा यांनी मान्य केले, म्हणून ते नाव तरी इतिहासात राहिले. कोकणातील सुताराला एवढेही लाभलेले नाही. शेकडो घरांचे खांब, दारे, देव्हारे आणि पाट ज्यांनी घडविले त्यांची नावे घराच्या कागदपत्रांत नाहीत, आणि आज जुनी घरे मोडली जात असताना त्यांतील सागवान चिरून नव्या सामानासाठी विकले जाते. त्या लाकडाबरोबर त्यातील कुसवांचे आणि खोबणींचे ज्ञानही नाहीसे होते. कारण ते कोठे लिहून ठेवलेले नसून त्या सांध्यांतच साठविलेले असते.

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. नाकाशिमा यांचे टेबल ही आधुनिक काष्ठरचनेतील अभिजात कृती होय, याबद्दल दुमत संभवत नाही. चिराईतील विवेक, तड्याचा प्रामाणिक स्वीकार आणि बसणाऱ्याला दिलेले स्वातंत्र्य ही तिची खरी बलस्थाने. परंतु मोकळी कड हा सार्वत्रिक आदर्श नव्हे, टेबल म्हणजे समता नव्हे, आणि झाडाच्या आत्म्याचा विचार लाकडाच्या इतिहासाचा पर्याय होऊ शकत नाही. या कृतीचे अनुकरण करू पाहणाऱ्या येथील रचनाकारांनी तिचे रूप उचलण्याऐवजी तिच्यामागील पद्धत घ्यावी : हाती असलेले द्रव्य ओळखावे, आपल्या हवामानास उत्तर द्यावे आणि जाणत्या कारागिराकडून शिकताना संकोच बाळगू नये. तसे झाल्यास फणसाच्या फळीचे, सरळ कडांचे, पावसाळ्याला तोंड देणारे एखादे टेबल येथेही घडेल. आणि ते नाकाशिमा यांच्या टेबलासारखे दिसणार नाही, हेच त्याचे नाकाशिमा यांच्याशी असलेले खरे नाते ठरेल. तोवर मोडल्या जाणाऱ्या घरांतील सांध्यांची रेखाटने करून, ते घडविणाऱ्यांच्या नावांसह त्यांची नोंद ठेवणे, हे काम विद्यापीठीय अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहे. ते लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.